भुईला न शिवलेलं शेण

चहा संपवा आधी, मग सांगतो. कारण या गोष्टीत पहिल्यापासून शेवटपर्यंत शेण आहे, आणि त्यातलं बरंचसं मीच खाल्लेलं आहे. म्हणजे म्हणीतलं हो. तुम्ही मघाशी विचारलंत ना, सहा वर्षं झाली, तुझं ते शिक्षण संपत कामून न्हाई म्हणून? तर ऐका.

मी हुलसूरचा. जनावरांच्या खाद्यावर डॉक्टरेट करायला घेतली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. विषय असा, की माळावर मोकळं चरणाऱ्या गुरांना आपल्याकडचं गवत, म्हणजे मारवेल, पवना, कुसळी, किती पचतं ते मोजायचं. मग कॉम्प्युटरवर असं गणित मांडायचं, की उद्या कुणी नुसतं गवत दाखवलं तरी त्यानं सांगावं, यातलं जनावराच्या अंगी किती लागणार. याला आमच्यात मॉडेल म्हणतात. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो आणि जिलबीकडं वळतो.

खरं काम निराळं असतं. पोटात गेलं किती, बाहेर आलं किती, वजाबाकी केली की उरलं ते पचलं. गेलं किती, ते कुंपणातलं गवत आधी आणि नंतर कापून तोललं की कळतं. बाहेर आलं किती, यासाठी जनावराच्या मागं कॅनव्हासची पिशवी बांधायची, चोवीस तासांनी उतरवायची, शेण तोलायचं, वाळवायचं आणि पुन्हा तोलायचं. गायीला पिशवी बांधली की शेणात मूत मिसळतं, म्हणून मी गोऱ्हे घेतले होते. निंबर्ग्याच्या शिवारात शांतक्का म्हणून एक बाई आहेत, त्यांचे तीन गोऱ्हे. त्या गावात माझं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पण "शेणाचे सर" म्हटलं की पोस्टमनसुद्धा नेमका माझ्या खोलीवर यायचा.

तर मॉडेल एक सांगायचं आणि गोऱ्हे दुसरंच करायचे. दोनदा मुदत वाढवून घेतली होती. यंदा आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "मल्लिनाथ, नोडरी, बघा, ही शेवटची. दिवाळीनंतर समितीपुढं आकडे ठेवा. नाही जमलं तर तुमची फाईल मलाच बंद करावी लागेल." मॅडम धारवाडकडच्या, मराठी शिकून बोलतात. त्यामुळं जे बोलतात ते सरळच लागतं.

आता गवत पिकतं दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे मोजणी दिवाळीतच आली. माझी बायको सुनीता शाळेत शिकवते. घर, दोन लेकरं आणि माझी आई, सगळं तीच बघते. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"यंदाबी येणार न्हाईत, व्हय?"

"मोजणी आहे गं."

"मोजा की. पण आईला गवळणी घालायला शेण पायजे. गल्लीत सगळ्यांच्या दारात मोटरसायकली हायत, गुरं न्हाईत. मागच्या घरी जर्शी हाय, पण आई म्हणतात जर्शीचं चालत न्हाई, गावरानच पायजे. तुम्ही वर्षभर शेणात राहताव, तेवढं तरी आणून द्या."

दिवाळीत आमच्या भागात अंगणात शेणाच्या गवळणी घालतात. वीतभर बाहुल्याच म्हणा ना, डोईवर घागर, अंगावर झेंडूच्या पाकळ्या, आणि रोज थोड्या थोड्या वाढवत पाडव्यापर्यंत अंगण भरायचं. आईच्या हातच्या गवळणी म्हणजे गल्ली बघायला यायची. तिला मी नाही कसं म्हणणार?

मी शांतक्कांना म्हणालो, "अक्का, आईला गवळणीला थोडं गावरान शेण द्याल का? पहाटेच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येतो."

"थोडं कामून? देवाचं काम हाय. चांगलंच देते."

इथं एक गोष्ट कबूल करतो. पिशव्या उतरवायचं काम मी तोवर शांतक्कांच्या अंगावर टाकलं होतं. त्या पहाटे पिशव्या उतरवून ओसरीला टांगायच्या, आणि आठ वाजता मी काटा घेऊन उगवायचो. नियमात हे बसत नाही. पण सहा वर्षं रोज पाचला उठून माणूस शेणाला किती वेळा सामोरा जाणार?

पहाटे शांतक्कांनी एक गच्च कॅरीबॅग हातात दिली, वर गाठ मारून. दोन गाड्या बदलून हुलसूर. मांडीवर तीन-चार किलो शेण, खाली माझी एकमेव इस्त्रीची पँट. कंडक्टरनं बॅगेकडं बोट करून कन्नडात हे काय म्हणून विचारलं, "एनरी इदु?" मी म्हणालो, "सॅम्पल." त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, पण त्यानं शेजारच्याला उठवून मला खिडकी दिली.

घरी आईनं बॅग सोडली, शेण हातात घेऊन मळून बघितलं आणि तिचा चेहराच फुलला. "असलं शेण वीस वर्षांत बघितलं न्हाई रे. खडा न्हाई, माती न्हाई, काडी न्हाई." डॉक्टरेटच्या सहा वर्षांत माझ्या कामाची कुणी केलेली ही पहिली स्तुती. आईनं पहिल्या गवळणी घातल्या, त्यातल्या थोरलीला पिवळा पदरसुद्धा लावला. मी फोटो काढला, जेवलो आणि परतीच्या गाडीला पळालो. सुनीता दारापर्यंत आली नाही. सणाच्या दिवशी दोन तासांसाठी आलेल्या नवऱ्याला कोण पोचवायला येतं?

संध्याकाळी येऊन पिशव्या तोलल्या. तीन नंबरच्या गोऱ्ह्याची पिशवी एकदम हलकी. शिवाय त्यातली चिठ्ठी गायब. नमुने मिसळू नयेत म्हणून प्रत्येक पिशवीत मी प्लास्टिकची एक पिवळी पट्टी टाकतो, तिच्यावर गोऱ्ह्याचा नंबर आणि वेळ. मी वहीत लिहिलं, "पट्टी गहाळ. गोऱ्ह्यानं खाल्ली असावी." मागच्या पिशवीतली पट्टी गोऱ्ह्यानं पुढच्या तोंडानं कशी खाल्ली, हा प्रश्न मला पडला नाही. थकलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत, नुसती झोप येते.

दुसऱ्या दिवशी तिन्ही पिशव्या हलक्या. तिसऱ्या दिवशी आणखी हलक्या. खाणं तेवढंच, शेण मात्र रोज कमी. वजाबाकी करून बघतो तर काय, नेहमी निम्म्याहून थोडं जास्त पचणारं गवत आता पाऊण पचायला लागलेलं. पाडव्याला तर पिशवीत सारवायलाही पुरणार नाही एवढं शेण. म्हणजे गोऱ्ह्यांनी जवळजवळ सगळंच पचवलं होतं.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? पिशवीला भोक आहे का बघितलं असतं. मी काय केलं? मी सिद्धांत मांडला. दिवाळीत थंडी पडते, गवतावर दहिवर पडतं, दहिवरानं गवत मऊ होतं, मऊ गवत जास्त पचतं. मॉडेल बिचारं रोज सांगत होतं, की बाबा, निम्म्याच्या आसपासच पचलं असणार. मी त्याला शिव्या घातल्या आणि त्यात दहिवराचं एक नवीन समीकरण कोंबलं. आकडे असे चपखल बसले की मी एकटाच खोलीत आनंदानं उठून उभा राहिलो.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "परत तपासलंत का?"

"तीनदा तपासलं, मॅडम."

खोटं नव्हतं ते. बेरीज-वजाबाकी मी तीनदाच तपासली होती.

समितीचा दिवस आला. मी दहिवरावर सव्वा तास बोललो. पहिल्या स्लाईडवर शोभेसाठी आईच्या गवळणींचा फोटो टाकला होता. वाटलं, मातीशी नातं दिसेल. समितीत बाहेरून आलेले एक वयस्कर सर होते, ते मूळचे चिंताकीकडचे शेतकऱ्याघरचे. ते सगळा वेळ डोळे मिटून होते. मी थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"पहिला फोटो पुन्हा लावा. हे कुठलं अंगण?"

"माझ्या घरचं, सर. हुलसूरचं." मी खूश.

"घरी गोऱ्हा आहे?"

"नाही सर. घरी काहीच नाही."

"मग फोटो जरा मोठा करा. त्या थोरल्या गवळणीच्या पदरावर 'गोऱ्हा तीन, सकाळ' असं कुणी लिहिलंय?"

फोटो मोठा केला. अक्षर माझंच होतं.

खोलीत कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी बाहेर जाऊन शांतक्कांना फोन लावला.

"अक्का, आईला दिलेलं शेण कुठलं होतं?"

"पिशवीतलं की. देवाच्या कामाला गोठ्यातलं तुडवलेलं कसं द्यावं? भुईला न शिवलेलं शेण हाय ते. विभूती करायला तसलंच लागतंय. त्याच्यासाठी जनावराच्या मागं हात धरून बसावं लागतंय, तवा मिळतंय. तुमच्या पिशवीत आयतं पडायलंय."

"आणि त्यानंतर रोज कुठं गेलं?"

"गल्लीत. तुम्ही नेलाव म्हणल्यावर बायका म्हणाल्या, सरांच्या आईला चालतंय तर आमाला कामून न्हाई? रोज वाढवून गवळणी घालायच्या, मग शेणबी रोज जास्तच लागणार की."

"मला सांगायचं तरी, अक्का!"

"काय सांगायचं? रोज आठला तुम्ही दारातल्या गवळणींना वळसा घालून यायलाव, वर म्हणायलाव, यंदा लई मोठ्या झाल्यात. मला वाटलं तुमाला ठावं हाय."

खरं होतं. मी म्हणालो होतो. माझा सगळा डेटा दारोदार झेंडू लावून बसला होता आणि मी त्याला वळसा घालून, त्याचं कौतुक करून, हलक्या पिशव्या तोलायला जात होतो.

आत आलो आणि सगळं सांगून टाकलं. चिंताकीचे सर म्हणाले, "शेण वाळवूनच तोलता ना शेवटी? मग गवळणी वाळल्या असतील. तोला." समितीनं एक महिना दिला.

मग काय, काटा घेऊन निंबर्ग्यात दारोदार फिरलो. कुणी म्हणालं, देवाचं हाय, तोलू नगा. कुणी म्हणालं, तोला, पण हितंच ठेवून जा. एका आजीनं तर आधी माझ्याकडून हळदकुंकू वाहून घेतलं. कुठल्या पिशवीतलं कुणाला दिलं, हे शांतक्कांना तोंडपाठ होतं. वहीत मी लिहीत गेलो, "गवळण मोठी, गिरणीवाल्याच्या दारची. गवळण लहान, घागर फुटलेली, शाळेशेजारची." झेंडूच्या पाकळ्या वेचून वेगळ्या तोलल्या. आणि तुम्हाला सांगतो, बेरीज केली तर गवत निम्म्याहून थोडंच जास्त पचलेलं. मॉडेल सहा वर्षांत पहिल्यांदा बरोबर होतं. आणि नेमक्या त्याच दिवाळीत मी त्याला शिव्या घातल्या होत्या. दहिवराचं समीकरण काढून टाकलं.

राहिला एकच आकडा. तीन नंबरचा गोऱ्हा, धनत्रयोदशीची सकाळ. तो आकडा हुलसूरला होता, आणि त्याच्याशिवाय तीन नंबरची ओळ पुरी होत नव्हती.

गेलो घरी. आईनं गवळणी वाळवून कोनाड्यात जपून ठेवल्या होत्या, रथसप्तमीला त्या पेटवून त्यांच्यावर दूध उतू घालायला. मी चपला न काढताच काटा मांडला आणि सुनीताला पोटात गेलेलं, बाहेर आलेलं, वजाबाकी, समिती, फाईल, सगळं समजावून सांगितलं. तिनं पदराला हात पुसले, कोनाड्यातली पिवळ्या पदराची थोरली गवळण काढली आणि दोन्ही हातांनी काट्यावर ठेवली.

"सहा वर्षांत पहिल्यांदा सणाला घरी काहीतरी घेऊन आलाव," ती म्हणाली, "आणि आता तेबी तोलून परत न्यायलाव?"