भर बाजारात घेता येईल असं नाव

हल्ली आमच्याकडच्या सुना-लेकींना काही धंदा काढायचा असला की त्या आधी माझ्याकडं येतात. पिठाची गिरणी असो नाहीतर शिवणकाम, "काकू, नाव सुचवा." मला अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. हसूही येतं, कारण आमच्या गटाचं पहिलं नाव ठेवलं तेव्हा ते आम्हालाच घेता येत नव्हतं.

तो दुष्काळाचा काळ. धारूरच्या डोंगरापासून खाली तेलगावच्या काळ्या रानापर्यंत उभा ऊस वाळून गेला होता. पाणी टँकरचं. रानात काम नाही म्हटल्यावर घरातले गडी म्हणत होते, दिवाळी झाली की ऊस तोडायला निघू, लांबच्या कारखान्यावर. तसं आम्ही दरसाल जातच होतो, लेकरांची शाळा सोडवून. पण त्या वर्षी माझी पोरगी सातवीत होती आणि सगळ्यांत हुशार होती. आम्हा बायकांनी मनाशी धरलं, दिवाळीपर्यंत स्वतःचं काहीतरी चालवून दाखवायचं आणि यंदा गावातच राहायचं.

बचत गट होताच. येसर करायचं ठरलं. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मसाला सगळं खरपूस भाजून दळायचं. चिमूटचिमूट उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. दुष्काळात भाजी कुठली मिळायला? घरोघरी आमटी-भाकरीवरच चाललं होतं. जिन्नस आम्ही चांगला निवडला होता, हे आजही सांगते.

नावाचा मात्र फार विचार केला नाही. खाण्याचा धंदा, म्हणून कुणीतरी अन्नाच्या देवीचं नाव सुचवलं आणि आम्ही माना डोलवल्या. देवीला नको कसं म्हणायचं? पेंटरनं पत्र्यावर लाल रंगात झकास पाटी रंगवली. मी आणि माझी धाकटी जाऊ ती घेऊन धारूरच्या आठवडी बाजारात बसलो. एक बाई आली. तिनं येसराचा वास घेतला, बोटानं चाटून पाहिलं आणि म्हणाली, "लई झ्याक हाय. मला वाचता येत न्हाई, नाव सांगा. आमच्या गल्लीत सांगते."

मी जावेकडं बघितलं, जावेनं माझ्याकडं. कारण तेच नाव आमच्या सासूबाईंचं. लग्न होऊन आल्यापासून ते माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आता लिहितानाही हात थांबतोच आहे, बघा. पाटीवर लिहायला काय हरकत, असं आम्हाला वाटलं होतं. बाजारात नाव तोंडानं विकावं लागतं, हे ध्यानातच आलं नव्हतं.

"कावून गप झालात?" बाई म्हणाली.

जावेनं पाटीकडं बोट दाखवलं.

"आता काय म्हणलं मी? वाचता येत न्हाई."

शेजारचा मिरचीवाला म्हणाला, "मावशे, मुक्या हायत त्या. त्यांची आमटीच बोलती."

सगळे हसले. बाई अर्धा किलो घेऊन गेली. पुढच्या बाजारी ती भेटली तेव्हा कुरकुरली, "गल्लीतल्या बाया विचारत होत्या, कुणाचं हाय? काय सांगू? त्या दुसऱ्याचंच घेऊन गेल्या."

मग आमच्या ओसरीवर गट बसला, दुसरं नाव शोधायला. एक देवी काढली की ती कुणाची तरी सासू निघायची, देव काढला की कुणाचा सासरा नाहीतर थोरला दीर. आमच्या सासूबाई आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, "घ्या की गं माझं नाव. मी काय मारती का?"

जाऊ म्हणाली, "आत्याबाई, तुमी न्हाई मारणार. पर जीभच वळत न्हाई."

सासूबाई "वेडपट हायत" म्हणून परत आत गेल्या. मनातून त्या सुखावल्या होत्या, असा माझा अंदाज.

तेवढ्यात गावच्या सोसायटीचे चेअरमन आले. त्यांची बायको आमच्याच गटात. ते म्हणाले, "माझ्या आईचं नाव द्या. सोसायटीच्या दुकानात माल ठेवतो, पाटीबी मीच करून देतो." आमच्या भागात संस्थांना अशीच नावं असतात, त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. दुकानातली जागा म्हणजे लहान गोष्ट नव्हती, दोघी-तिघी डळमळल्याही. पण त्यांच्या बायकोनं पदर सारखा केला आणि त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "मग बाजारात म्या काय वरडू? ‘ह्यांच्या आईचं घ्या’ म्हणू?"

चेअरमनला स्वतःलाच हसू आवरेना. "तुमचं तुमी बघा बाबा," म्हणून उठले.

नाव काढलं ते माझ्या जावेनं. "उसाच्या फडावर उतरल्यावर, ऱ्हायला कोपी घालायच्याबी आधी आपुन काय करताव?"

"तीन दगड मांडताव. चुलीला."

"मग तेच."

परक्या मुलखात तीन दगड मांडून प्रत्येकीनं लेकरांना रांधून घातलं होतं. कुणाच्या सासूचं नाव नाही, चित्र काढलं तर न वाचणारीलाही कळेल. चेअरमनच्या बायकोनं तेवढी शंका काढली, "दगड म्हणलं की पिठात खडे हायत म्हणतील."

मी म्हणाले, "म्हणू दे. खडा शोधायला का व्हईना, पुडी उघडतील."

हे बोलणं माझं, बरं का. अजून कुणी आठवण काढली की मी ताठ होऊन बसते.

पेंटरनं तीन दगड आणि वर जाळ काढून दिला. त्या बाजारी माझी जाऊ बसलीच नाही. उभी राहून ओरडायला लागली, "तीन दगडाचं येसर घ्या, तीन दगडाचं." इतका मोकळा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मिरचीवाला म्हणाला, "आता दगड विकता व्हय?"

"विकताव की," जाऊ म्हणाली. "खडा निघाला तर आख्खी टोपली तुमची."

खडा शोधायला पहिली पुडी त्यानंच घेतली. दिवाळीपर्यंत चौसाळ्याकडच्या बायकासुद्धा ‘तीन दगडाचं हाय का’ विचारत येऊ लागल्या. सोसायटीच्या दुकानातही माल गेला, आमच्याच नावानं.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीला न्यायला ट्रॅक्टर आला. गटातल्या काहीजणींना जावंच लागलं, त्यांनी येसर बांधून नेलं. मुकादम आमच्या दारात आला तेव्हा आमचे मालक उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणाले, "औंदा आमचं न्हाई जमायचं. घरी तीन दगडाचं काम लई हाय."

पोरगी दप्तर घेऊन त्यांच्या बाजूनं निघाली आणि शाळेला गेली. त्या दिवशी बाजार होता. आम्ही दोघी जावा टोपल्या उचलून धारूरच्या वाटेला लागलो.