मालधक्क्यावरचा धोंडू

कर्जत स्टेशनात आम्ही चौघे कारकून. दुपारची गाडी गेली की पानसुपारी निघायची आणि तिच्यामागून धोंडूचे किस्से. ते काही कुणी जमवत बसलं नव्हतं. माणूस रोज डोळ्यांसमोर लोळत असला की साठतातच.

*

धोंडू सुरुंग लावणारा. घाटातले बोगदे त्यानं फोडले. बायको आणि लेक तिथल्याच झोपड्यांत पटकीनं गेली. रूळ पडले, बाकीचे मजूर गावी परतले. हा दारू पिऊन मालधक्क्यावर पडू लागला.

"अरे, घरी का जात नाहीस?" स्टेशनमास्तरांनी विचारलं.

"घर घाटात पुरलंय, साहेब. तुमची गाडी त्याच्यावरनं जाते."



*

मग आम्ही त्याला सुधारायचं ठरवलं. बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावली. संध्याकाळी स्वारी झिंगलेली.

"शपथ घेतली होतीस ना रे?"

"घेतली. पण हात कापत व्हता. बेल खालीच पडला."

आठवडाभर हसलो आम्ही.

*

भिसेगावच्या एका शेतकऱ्याला सांगून गोठ्यात झोपायची सोय केली. तिसऱ्या दिवशी हा परत धक्क्यावर. मी चिडलो. "डोक्यावर छप्पर नको झालं का?"

"चारी बाजूंनी भिंती हायेत, भाऊराव. डोळा लागला की सुरुंग उडतो."

*

शेवटी त्याला नेलं मोळ्या विकणाऱ्या येसू कातकरणीनं. तिच्या खोपटाला एका बाजूनं कुडाची भिंतच नव्हती. तिथं धोंडू झोपला. अंग थरथरायचं, ओकायचा, दारूसाठी तिच्या पाया पडायचा. तिनं कसली शपथ घातली नाही. "उद्या माग, दादा. आज पेज पी." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याभरानं त्यानं मागायचं सोडलं आणि इंजिनात पाणी भरायच्या कामाला लागला.

मास्तरांनी वर कळवलं, "स्टेशनच्या मंडळींनी एक माणूस सुधारला." येसूचं नाव कागदावर नव्हतं.

*

धुळवडीला आम्ही धक्क्यावर बसलो होतो. धोंडू आला, रंग लावून घेतला आणि कडेला गप्प बसला. थोड्या वेळानं त्या गप्प बसण्याचाच आम्हाला कंटाळा आला. मी दारूचा पेला भरून पुढे केला.

"घे रे एक घोट. पूर्वी काय मजा आणायचास."

त्यानं हात पुढे केला नाही.

"भाऊराव, मी बरा झालो, ते तुमाला चालंना व्हय?"