सांत्वनाला आणलेला राक्षस

माझे वडील वारले तेव्हा गावातली यच्चयावत माणसं रडली, फक्त आई रडली नाही.

नुसती रडली नाही एवढंच नाही, बोललीही नाही. कबरस्तानातून आम्ही परत आलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसली, ती बसलीच. चहा दिला तर घोटभर घ्यायची. भाकरीचं ताट समोर ठेवलं तर आपण जणू कुणा पाहुण्याचं ताट राखायला बसलोय अशी त्याच्याकडे बघत राहायची. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. नेवाशाजवळच्या आमच्या गावात मिशनच्या शाळेत ते मास्तर होते, अर्धं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालेलं. त्यामुळे सांत्वनाला येणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि येणारा प्रत्येक जण आईला रडवायचा एकदा प्रयत्न करून जात होता.

हे रडवणं म्हणजे कुणाची हौस नव्हती. डॉक्टरांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना रडू यायला हवं. असं आतल्या आत राहिलं तर तब्येतीला बरं नाही. खातही नाहीत त्या." अण्णा गेले होते, आता आईही डोळ्यांदेखत चालली होती, आणि मी थोरला मुलगा म्हणून नुसता दारात उभा राहून लोकांच्या चपला सरळ करत होतो.

सगुणाबाईंनी पहिला जोर लावला. या आमच्याकडच्या जुन्या बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवण्यात त्यांचा जन्म गेलेला, समोरच्याला रडवण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. त्यांनी आईच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की शेजारची म्हैस दावं तोडायला बघत होती. आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्या बायकोला, रूथला, पाणी आणायची खूण केली. मग अण्णांचे धाकटे भाऊ दानियलकाका पुढे सरसावले. त्यांनी अण्णांचं आवडतं गीत म्हणायला घेतलं, दुसऱ्या कडव्याला स्वतःच कोसळले, आणि त्यांनाच उचलून ओट्यावर न्यावं लागलं.

शेवटी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तोडगा काढला. "दरवर्षी आपण चर्चमध्ये प्रभू येशूच्या दुःखसहनाचा चित्रपट दाखवतो. वधस्तंभाचा प्रसंग आला की तुमच्या मातोश्रींचे डोळे हमखास भरून येतात, मी स्वतः पाहिलंय. रविवारी उपासनेनंतर तोच इथे लावू या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बी.ए. होतो, तेही इंग्रजी घेऊन. (मला नोकरी का लागत नाही हा अण्णांचा अखेरपर्यंतचा प्रश्न होता.) मी म्हणालो, "आणतो."

नेवाशात व्हिडिओवाल्याने टीव्ही दिला, व्हीसीआर दिला आणि कॅसेटच्या नावाने डोकं खाजवलं. "तुमचा उपवासकाळ चालूय ना, त्यो पिक्चर एका जागी टिकंना बगा. कालच गेला. पन दुसरा हाय, तुमच्याच लोकांचा."

"आमच्या लोकांचा म्हणजे?"

"इंग्लिश हाय की सगळा," तो म्हणाला. ख्रिस्ती म्हणजे इंग्लिश, असा आमच्या भागातला जुना समज. आमच्यातल्या बहुतेकांना 'थँक्यू'च्या पुढे काही येत नव्हतं, पण सांगणार कुणाला? "लेकरापासनं म्हाताऱ्यापर्यंत समद्यांनी बसून बगावा असा हाय. वाईट शीन येक न्हाई."

आता इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाने नाव काय, गोष्ट काय असं विचारायचं म्हणजे कमीपणाच. मी म्हटलं, "हां हां, तोच." आणि सगळं सामान टेम्पोत घालून घरी आलो.

रविवारी दुपारी घर खचाखच भरलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आईला सगळ्यात पुढे चटईवर बसवलं. रूथ तिच्या शेजारी, पदराशी जास्तीचा रुमाल घेऊन. मी कॅसेट सरकवली.

पडद्यावर एक रंगीत किल्ला आला.

"चित्रातला हाय व्हय?" सगुणाबाईंनी विचारलं.

"लहानांनाही समजावं म्हणून," पाळकसाहेब म्हणाले.

किल्ल्याचं दार उघडलं आणि आतून एक हिरवा, केसाळ, ढेरपोट्या राक्षस घसरणारी विजार सावरत बाहेर आला. कपाळावर शिंग होतं. त्याने गावातल्या पोरांना घाबरवायला आ वासला, तर पोरांनी त्याच्या तोंडात भोपळा कोंबला. मी उठून बंद करायला गेलो, तर दानियलकाका म्हणाले, "प्रभ्या, मधी येऊ नकु. आत्ताशी कुठं चालू झालंय."

"ह्यो प्रकटीकरणातला पशू हाय," सगुणाबाई कुजबुजल्या. म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात जगाच्या अंताला येणारा, दहा शिंगांचा.

"त्याला शिंगं जास्त आहेत," पाळकसाहेब जरा विचारात पडले होते. एवढ्यात राक्षस समुद्रात पडला आणि त्याला एका माशाने गिळलं. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. "योना! पहा, देवाची आज्ञा मोडून माशाच्या पोटात गेलेला योना संदेष्टा आहे हा."

"काय म्हनतोय रं त्यो?" काकांनी मला विचारलं.

राक्षस माशाच्या पोटातून ओरडत होता की माझी विजार कुणी नेली. भरल्या घरात, अण्णांच्या फोटोखाली उभं राहून मी हे सांगणार कसा? मी म्हणालो, "पश्चात्ताप करा म्हणतोय."

"आमेन," सगुणाबाई म्हणाल्या. माशाला शिंक आली, योना उडून चिखलात पडला. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यावर निभावून नेलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं काय, मी आणलं काय! आईकडे बघायचीसुद्धा मला हिंमत होत नव्हती.

पुढे त्या राक्षसाची म्हातारी आई निघाली. हातात झाडू. तिने लेकाला बाजारातून दूध आणायला पिटाळलं. राक्षस ऐटीत गेला आणि बऱ्याच वेळाने खांद्यावर बैल घेऊन आला. म्हातारीने कपाळावर हात मारला. लेक आपला दात काढून उभा, शाबासकीच्या आशेने.

"हा आपला प्रभाकर," कुणीतरी म्हणालं.

आवाज आईचा होता. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आई पडद्याकडेच बघत होती.

"अण्णा असते तर तुला कॅसेट आणायला पाठवलंच नसतं," ती म्हणाली. "स्वतः गेले असते."

आणि 'गेले' म्हणताना तिचा आवाज फाटला. रूथने तिला धरलं. मग आई अशी रडली की ऐकवत नव्हतं. अण्णांना हाका मारून रडली. सगुणाबाई रडल्या, काका रडले, मीही टीव्हीमागच्या वायरी धरून हमसून हमसून रडलो. बंद करायचं कुणाला सुचलं नाही, आणि घरभर आक्रोश चाललेला असताना तो हिरवा बैलासकट नाचत राहिला.

संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना चित्रपटाविषयी मतं पडली. पाळकसाहेबांना तो बोधप्रद, पण शेवटी थोडा सैल वाटला. सगुणाबाईंनी हे सैतानाचं काम असल्याचं जाहीर केलं. "मयताच्या घरात नाच? मास्तर काय म्हनत असतील वर?" दानियलकाका म्हणाले, "काय का असंना, वहिनी रडल्या. येशूच्या पिक्चरला रडल्या असत्या का, देव जाने." मग हळूच मला विचारलं, "बैलाचं पुढं काय झालं रं? मला रडन्यात दिसलं न्हाई."

आत आईने पहिल्यांदा दोन घास भाकरी खाल्ली. जेवताना मध्येच थांबत होती, डोळे पुसत होती, पण खात होती. मी दारात जाऊन म्हणालो, "आई, मी नेवाशाला कॅसेट परत देऊन येतो."

आईने मान वर न करता सांगितलं, "तू बस. रूथ जाईल."

ती बोलते आहे याचाच आनंद एवढा होता, की मी निमूट बसलो.