नऊपैकी नऊ

टक्केकाकांना खऱ्या नावाने फक्त दवाखान्यातली नर्स हाक मारायची, आणि तेव्हा ते स्वतःच इकडेतिकडे बघायचे. बाकी सगळ्या रेसकोर्सला ते टक्केकाका होते. रेसच्या दिवशी निघणाऱ्या पुस्तिकेत शेवटून दुसरं पान त्यांचं असे, 'ट्रेनरचे टक्के'. स्वप्नात दिसलेल्या आकड्यावर किंवा घोड्याच्या कपाळावरच्या ठिपक्यावर पैसे लावणाऱ्यांना ते हसायचे. "घोडा काय, आज आहे उद्या नाही," ते म्हणायचे. "ट्रेनर मात्र सवयीचा गुलाम. त्याची सवय पकडा, घोडा आपोआप सापडतो."

एकतीस वर्षं त्यांनी या सवयीच पकडल्या. लांबच्या शर्यतीतला घोडा आखूड शर्यतीत कोण जिंकवतो, जॉकी बदलला की कोणाचं नशीब बदलतं, विश्रांतीनंतर कोणाचा घोडा पहिल्याच दिवशी सुटतो, प्रत्येक ट्रेनरच्या प्रत्येक सवयीला एक पुठ्ठ्याचं कार्ड. जिंकला तर लाल टिंब, दुसरा-तिसरा आला तर निळं, मागे राहिला तर काळं. आणि जो घोडा शर्यत पुरीच करू शकला नाही, त्याच्या जागी आडवी रेघ. रेघा मोजायच्या नाहीत हा काकांचा नियम. जी शर्यत संपलीच नाही तिचा निकाल कसला, आणि अपघात झाला त्यात ट्रेनरचा काय दोष? ऐकायला नियम अगदी न्यायाचा वाटे. त्यावर कधी कुणी तोंड उघडलं नाही. स्वतः काका दर रेसला एकच तिकीट काढत, तेही सगळ्यात स्वस्त, आचाऱ्याने मीठ चाखावं तेवढं.

दोन खोल्यांच्या घरात त्यांच्याबरोबर धाकटी बहीण आणि तिचा मुलगा राहत. नवरा गेल्यावर बहीण सहा वर्षांचं पोर घेऊन आली ती कायमची. पोर चणीने लहान आणि अंगाने काटकुळं. बहीण त्याला खाऊ घालून घालून थकली, आणि शेवटी हेच काटकुळेपण त्याच्या पोटापाण्याला आलं. तो जॉकी झाला. चोविसाव्या वर्षापर्यंत त्याच्या वाट्याला कुणाला नको असलेले घोडेच आले. महिन्यापूर्वी काकांनी आपलं वजन खर्च केलं आणि भाच्याला मुके मास्तर नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रेनरकडे लावून दिलं.

मास्तर मुके नव्हते. गरजेपुरतंच बोलायचे एवढंच. पण त्यांचं एक कार्ड म्हणजे काकांच्या खोक्यातला दागिना होता. साठ दिवसांहून जास्त विश्रांती घेऊन उतरलेले मास्तरांचे घोडे: नऊपैकी नऊ जिंकलेले. शंभर टक्के! असं कार्ड काकांनी एकतीस वर्षांत दुसरं पाहिलं नव्हतं. येत्या रविवारी सत्तर दिवस विश्रांती घेतलेला मास्तरांचा राखाडी घोडा शेवटच्या शर्यतीत उतरणार होता आणि त्यावर भाचा बसणार होता. बहिणीने त्या आनंदात खिडक्यांचे पडदे धुऊन काढले.

बुधवारी काका पान द्यायला छापखान्यात गेले. तिथल्या कॉम्प्युटरवाल्या बाईंनी गेले सहा महिने जुने निकाल यंत्रात भरले होते. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"काका, मास्तरांचे तुमच्याकडे नऊच कसे? माझ्याकडे अकरा येतात."

"दोन रेघा असतील. रेघा मोजायच्या नसतात."

"का बरं?"

"शर्यत पुरी झाली नाही, बाई."

"पण सुरू तर झाली होती ना?" बाईंनी अगदी साधेपणाने विचारलं आणि पुढचं पान उघडलं.

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी खिडकीशी कार्ड धरलं. एकतीस वर्षं त्यांची नजर रेघांवरून घसरत आली होती. आज पहिल्यांदा त्यांनी रांग जशीच्या तशी वाचली. लाल, लाल, लाल, रेघ. लाल, लाल, लाल, रेघ. लाल, लाल, लाल. आणि पुढचं घर रिकामं, रविवारचं.

बोलाफुलाला गाठ, असं त्यांनी स्वतःला समजावलं. अकरा घोड्यांत कुठलीही नक्षी दिसते, हे ते स्वतःच लोकांना सांगत आले होते. तरी त्यांनी माळ्यावरून जुन्या पुस्तिकांचे गठ्ठे उतरवले. दोन्ही वेळा शेवटची शर्यत. दोन्ही वेळा घोडा दहा-बारा हातांनी पुढे, मागे कुणी नाही, आणि जिंकायला हाकेचं अंतर असताना सपाट जमिनीवर कोसळलेला. पहिला जॉकी पुन्हा चालला नाही. दुसरा जागीच गेला. दोन्ही दिवशी काका स्टँडात हजर होते. त्यांनी रेघ ओढली होती आणि घरी येऊन जेवले होते. त्यांना स्वतःची किळस आली.

गुरुवारी सकाळी ते मास्तरांच्या तबेल्यावर गेले. तबेला म्हटला की फुरफुरणं, खूर आपटणं, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांच्या शिव्या. इथे काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंना घोडे उभे होते आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे होती. काका चालत गेले तरी एकानेही मान वळवली नाही.

टोकाला दोन रिकामे खण होते. खाली ताजा पेंढा, कोपऱ्यात काठोकाठ भरलेली बादली. एक म्हातारा मोतद्दार तिसऱ्या खणात पेंढा पसरत होता.

"नवीन घोडे येणार आहेत का?" काकांनी विचारलं.

"नाही. हे दोन त्यांचेच आहेत."

"कुणाचे?"

"पडले ना ते. मास्तरांचा हुकूम आहे, खण मोडायचे नाहीत. रोज संध्याकाळी बादली भरायची."

"आणि सकाळी ओतून टाकायची?"

मोतद्दाराने पेंढ्यावरचा हात थांबवला. "ओतायला लागत नाही," तो म्हणाला. "सकाळी रिकामी असते."

काकांनी तिसऱ्या खणाकडे बोट केलं. "आणि हा?"

"रविवारनंतर लागेल म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"मी म्हणालो," मागून आवाज आला. मास्तर केव्हा येऊन उभे राहिले ते कळलं नव्हतं. स्वच्छ कपडे, मवाळ चेहरा, हातात टोपी. "तुम्ही मामा ना? पोराचा हात हलका आहे. शिकवण चांगली."

"मास्तर, ते दोन घोडे..."

"तुम्ही मोजले नाहीत," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता, उपकारही नव्हता. "मी मोजतो. कुणीतरी मोजायला हवंच की."

"मग रविवारी घोडा उतरवू नका! तुम्हाला माहीत आहे ना काय होणार ते?"

"मला काही माहीत नसतं. तीनदा देतं, मग एकदा नेतं. पहिल्यापासून तसंच आहे. मी फक्त जागा तयार ठेवतो, ऐन वेळी धावपळ नको." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "तुमच्या पानामुळे मालक माझ्याकडे येतात, काका. ते मी विसरत नाही."

काका तिथून कसे निघाले ते त्यांचं त्यांना आठवत नव्हतं. तक्रार करावी तर कशाची करायची? भरलेल्या बादलीची? रेसकोर्सच्या साहेबांनी खुर्ची देऊन पाणी पाजून घरी पाठवलं असतं.

दुपारी छापखान्यातून फोन आला. "काका, पान छपाईला चाललंय. अकरा करू का? नऊपैकी नऊऐवजी अकरापैकी नऊ?"

काका फोन धरून उभे राहिले. अकरा केले की लोक विचारणार, बाकीच्या कार्डांचं काय? एकतीस वर्षं रेघा गिळल्या त्याचं काय? सगळी अब्रू त्या एका पानावर उभी होती. शिवाय त्यांच्या डोक्यात फक्त भाचा होता. त्याला खाली उतरवलं की झालं.

"राहू द्या," ते म्हणाले. "पुढच्या अंकात दुरुस्त करू."

भाचा काही केल्या ऐकेना. "मामा, तूच ढोल पिटत होतास, शंभर टक्के, शंभर टक्के! आता माझी पाळी आली तर तुला भुतं दिसायला लागली?"

"मी मोजलं नव्हतं रे."

"मग आताही मोजू नकोस."

काकांनी कार्ड बहिणीपुढे ठेवलं. तिला आकड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लाल लाल लाल रेघ एवढं कुणालाही वाचता येतं. तिने रांगेवरून शेवटच्या रिकाम्या घरापर्यंत बोट फिरवलं. मग भावाकडे न बघता म्हणाली, "दादा, तूच त्याला तिथे नेलंस." आणि मुलाकडे वळून, "तू रविवारी त्या घोड्यावर बसलास तर मी या घरात नाही."

रविवारी सकाळी भाच्याने पोट बिघडल्याचं कळवलं. डॉक्टर येऊन पोट दाबून गेला. भाचा भिंतीकडे तोंड करून पडला, आणि ते पाहून काकांना भलतंच काही आठवलं. त्यांनी त्याला खांदा धरून या कुशीवर वळवलं. तो चिडला, हात झटकला. काकांना मात्र हायसं वाटलं. पोर जिवंत होतं, चिडत होतं. एवढ्याच आनंदात त्यांनी बूट घातले आणि सवयीप्रमाणे रेसला निघाले.

शहाणा माणूसही कसा आंधळा होतो बघा. 'ऐन वेळी जॉकी बदलला' ही ओळ काकांनी आयुष्यात शेकडो वेळा छापली होती. तरी त्या सकाळी त्यांच्या मनात एकदाही आलं नाही की घोडा धावणारच आहे. शेवटच्या शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये फिरायला लागले आणि स्टँडातल्या बाकावरून त्यांना राखाडी घोडा दिसला. वर कुणीतरी बसलं होतं.

"टक्केकाका तुम्हीच ना?" शेजारी एक बाई येऊन बसली. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी, चेहरा आनंदाने फुललेला. "तिकिटवाल्याने दाखवलं तुम्हाला. म्हटलं, आभार मानावेत. माझ्या मुलाला अकरा वाजता निरोप आला. कुणाचं तरी पोट बिघडलंय म्हणे. दोन वर्षांत पहिला चांगला घोडा! आधी नको म्हणत होता, मास्तरांच्या तबेल्याची त्याला भीती वाटते. मग मीच तुमचं पान वाचून दाखवलं. नऊपैकी नऊ. तेव्हा कुठे हो म्हणाला."

काका उठून उभे राहिले. घोडे स्टार्टिंग गेटकडे निघाले होते. खाली धावत गेलं तर कठड्याशी तीन-चार मिनिटं मिळाली असती. ओरडता आलं असतं, मैदानात उडी मारता आली असती. लोकांनी वेडा म्हणून धरलं असतं, पण शर्यत थांबली असती.

"बसा ना," बाई म्हणाली. "तुम्ही बाजूला असलात की मला धीर येईल."

आणि काका बसले. का बसले याचं उत्तर त्यांना पुढे कधीही देता आलं नाही. बोलाफुलाला गाठ असेल, असं त्या क्षणी त्यांना खरंच वाटलं. की वाटून घेतलं, कोण जाणे.

गेट उघडलं. राखाडी घोडा पहिल्या वळणावर चौथा होता, दुसऱ्या वळणावर पहिला. बाईने काकांचा हात घट्ट पकडला. शेवटच्या सरळ रस्त्यावर घोडा सुटला तो एकटाच, मागच्यांत आणि त्याच्यात दहा हातांचं अंतर, मग बारा. स्टँड उभं राहून ओरडत होतं. बाईचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. मास्तर खाली कठड्याशी उभे होते. धावणाऱ्या घोड्यांकडे त्यांची पाठ होती.

मग ओरडणं थांबलं. दहा हजार माणसं एकदम गप्प झाली. खुरांचा आवाज तेवढा पुढे निघून गेला.

बाईने डोळे उघडले. लांबवर धूळ उठली होती आणि पांढरी गाडी मैदानात वळत होती. तिला एवढ्या अंतरावरून काही नीट दिसेना. हात तिने अजून सोडला नव्हता.

"काका, कुणीतरी पडलं का हो? कोणाचा पडला?"

काकांनी तिच्या हातावर दुसरा हात ठेवला.

"आपला," ते म्हणाले.