गुडघाभर गवत आणि केरूचा बुटका

सांगलीहून माधवनगरला येताना गाव लागायच्या आधी डाव्या हाताला लालासाहेबांचं लॉन लागतं. दोन एकर गवत, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी आणि फाटकाशेजारी दोन खोल्या. लग्नसराईत तिथं पाय ठेवायला जागा नसते. आषाढ लागला की मात्र फाटकाला कुलूप पडतं आणि आत उरतात बेडूक, केरू, केरूची बायको भामाबाई आणि लेक पिंकी.

केरू मूळचा गिरणीतला माणूस. माग बिघडला की तो दुरुस्त करायला त्यालाच हाक मारायचे. चाळीस मागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचा धोटा अडखळतोय, हे तो पाठमोरा उभा राहून सांगायचा. गिरणी बंद पडली, पण कान तेवढे शाबूत राहिले. पुढं बरीच वर्षं इकडंतिकडं हमाली केल्यावर लालासाहेबांनी त्याला लॉनवर ठेवला, त्याला आता नऊ वर्षं झाली.

गवत कापायला लालासाहेबांनी पुण्याकडून एक छोटा ट्रॅक्टर आणलेला. बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतील एवढाच तो. पोटाखाली झाकण आणि झाकणात फिरणारी पाती. केरूनं त्याचं नाव बुटका ठेवलं आणि तेच चाललं.

या बुटक्याचं इंजिन गेल्या साली तुळशीच्या लग्नाआधी जळालं. कुणाच्या चुकीनं जळालं, हे दोघांनाच माहीत होतं. त्या दिवशी लालासाहेबांचे व्याही आले होते, त्यांना लॉन दाखवता दाखवता लालासाहेबांना हुक्की आली आणि ते स्वतःच बुटक्यावर बसले. लालासाहेब कराडकडचे, तीन पिढ्यांचे ऊसवाले. ऊस तोडायचा तो बुडातून, मातीला कोयता लावून. वर राहिलेलं कांडं म्हणजे रानात टाकलेली साखर, हे त्यांना लहानपणापासून बजावलेलं. त्यांनी पात्याचा दांडा पार खालच्या खाचेत टाकला आणि गुडघाभर गवतात बुटका घातला. इंजिन कण्हायला लागलं. लालासाहेबांनी आणखी रेटलं. पट्ट्यातून धूर निघाला, मग इंजिनातून, आणि मग सगळंच गप्प झालं. व्याह्यांसमोर लालासाहेब सहज म्हणाले, "केरूनं आधीच इंजिनाची वाट लावून ठिवलीया." केरू खाली बघत उभा राहिला. फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावरचे लोक तेव्हापासून त्याला बघितलं की विचारायचे, "काय केरूनाना, आज कुठलं इंजिन?" तो हसायचा, पण ते त्याला लागायचं.

इंजिन दुरुस्तीला गेलं तेव्हा केरू मिस्त्रीच्या दुकानात आठ दिवस मांडी घालून बसला. प्रत्येक भाग हातात घेऊन बघितला, प्रत्येक गोष्ट तीनतीनदा विचारली. मिस्त्री वैतागला, पण सांगत गेला.

तर या भाद्रपदात केरूच्या पिंकीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा कपिल, दुष्काळी माणमधला, दहिवडीजवळचा. केरूचं घर बौद्ध. चातुर्मास, पितृपंधरवडा यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. रविवार असावा आणि पाहुण्यांना सुट्टी असावी, झाला मुहूर्त. लालासाहेब आपणहून म्हणाले, "पितरांच्या दिवसांत लॉन मोकळंच असतंय. कर की हितंच." पत्रिकेत लॉनचं नाव छापलं गेलं. माणदेशातून तीनशे माणसांच्या गाड्या ठरल्या. आणि मग बारा दिवस पाऊस लागून राहिला.

तो उघडला लग्नाच्या आधीच्या बुधवारी. गवत गुडघ्याच्या वर गेलेलं, टाकीजवळ तर मांडीला लागत होतं. भामाबाई पायरीवर उभी राहून म्हणाली, "ह्यात पाव्हणं बसवायचं का म्हसरं?" बायका लावून कापावं तर सगळ्या सोयाबीनच्या काढणीत गुंतलेल्या. राहिला बुटका. आणि बुटका मध्येच बसला तर पिंकीचं लग्न चिखलात आणि गवतात होणार, आणि इंजिन जाळणारा म्हणून केरूचं नाव तिच्या सासरपर्यंत पोचणार. त्या विचारानं केरूला घास गोड लागेना.

गुरुवारी त्यानं घाई केली नाही. सकाळी पाती काढून धार लावली. दव उडून गवत कोरडं होईस्तोवर, म्हणजे अकरा वाजेपर्यंत थांबला. मग पात्याचा दांडा सगळ्यात वरच्या खाचेत ठेवला, रेस पूर्ण दिली आणि गिअर सगळ्यात खालचा टाकला. पाती जोरात फिरायला हवीत आणि चाकं मात्र गोगलगायीसारखी चालायला हवीत, हे मिस्त्रीनं त्याला घोकून घ्यायला लावलं होतं. पूर्ण रुंदीचा पट्टा न घेता तो निम्माच घ्यायचा, निम्मं पातं कापलेल्या जागेवरून फिरवायचा. कापलेलं गवत मोकळ्या बाजूला पडेल अशा बेतानं वळायचा, म्हणजे तेच पुन्हा पात्यात यायचं नाही. इंजिनाचा आवाज जरा जाड झाला की थांबायचं आणि मागं घ्यायचं. मग बुटका बंद करून, प्लगची वायर काढून, झाकणाखाली चिकटलेला लगदा काठीनं खरवडायचा आणि इंजिनाच्या जाळीतला भुसा फुंकरून काढायचा. भामाबाईच्या मते एवढी सेवा त्यानं कधी तिचीही केली नव्हती.

तिसऱ्या प्रहरी लालासाहेबांची जीप आली. अर्धं लॉन कापून झालं होतं, पण गवत अजून अर्धी वीत उभं होतं.

"ह्ये काय रं?" लालासाहेब म्हणाले. "शेंडं खुडतुयास व्हय? दांडा खाली घाल. अशानं दिवाळीबी हितंच हुईल तुझी. सर, मी बसतू."

केरूनं बुटका बंद केला, चावी काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. नऊ वर्षांत त्यानं मालकाला नाही म्हटलं नव्हतं.

"आवं मालक, ऊस बुडातनं तोडायचा, ह्ये खरं हाय. पर गवत वरनं उतरवत यायचं. आज वरनं, उद्या मधनं, परवा खालनं. एकदम बुडात घातलं तर इंजिन जातंय. गेल्या साली गेलं तसं."

शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निसटलंच. लालासाहेबांचा चेहरा उतरला.

"लगीन तुमच्या घरचं असतं तर तुमच्या मनापरमानं केलं असतं," केरू हळू म्हणाला. "ह्ये माझ्या पोरीचं हाय."

लालासाहेब वळले. जीपमध्ये बसले आणि गेले. केरू रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिला. आता यांनी लॉनच नाही म्हटलं तर? भामाबाईनं त्याला सरळ विचारलं, "चार दिवस त्वांड मिटून ऱ्हायला काय झालं हुतं?" तो पुन्हा बुटक्यावर बसला, कारण गवत तर कापायचंच होतं.

शुक्रवारी दांडा दोन खाचा खाली आला आणि काल उभं कापलेलं आज आडवं कापलं. टाकीजवळच्या ओलीत आवाज एकदम खाली गेला. केरू गडबडला नाही. पाती थांबवली, बुटका मागं घेतला, झाकण साफ केलं आणि तो कोपरा वरच्या खाचेवर चार फेऱ्यांत काढला. इंजिन पुन्हा बारीक, मोकळं वाजायला लागलं. शनिवारी शेवटचा हात फिरला. चार वाजता काम संपलं तेव्हा केरूनं बुटका लगेच बंद केला नाही. दोन मिनिटं कमी रेसवर तसाच चालू ठेवला आणि बाजूला उभा राहून ऐकत राहिला. धूर नाही, वास नाही, कण्हणं नाही. मग त्यानं चावी फिरवली आणि तो तिथंच कापलेल्या गवतावर बसला. लालासाहेब मात्र दोन दिवसांत फिरकले नव्हते.

रविवारी दहाला गाड्या आल्या. माणची माणसं फाटकातून आत आली आणि चपला काढून गवतावर चालू लागली. एवढं हिरवं त्यांच्याकडं एकाच जागी कधी दिसतच नाही. कपिलच्या वडिलांनी तर वाळत टाकलेल्या गवताच्या ढिगाकडं बघून लाजत विचारलं, "येवाई, जाताना शेळ्यास्नी नेलं तर चालंल का?" केरू म्हणाला, "सगळंच न्या की."

बुद्धमूर्तीसमोर त्रिशरण-पंचशील झालं, पिंकी-कपिलनं हार घातले, लोकांनी फुलं टाकली. मागच्या रांगेत लालासाहेब बायकोसह बसले होते. कधी आले ते केरूला कळलंच नाही.

जेवणाच्या वेळी गाड्यावरच्या चहावाल्यानं नव्या व्याह्यांना हसत सांगितलं, "ह्या केरूनानानं गेल्या साली आख्खं इंजिन जाळलं हुतं बरं का. जपून ऱ्हावा." व्याही केरूकडं बघायला लागले. केरूनं नेहमीसारखं हसायला तोंड उघडलं.

"त्यानं न्हाई जाळलं," शेजारच्या खुर्चीतून लालासाहेब म्हणाले. ताटावरची नजर त्यांनी वर केली नाही, पण आवाज चार माणसांना ऐकू जाईल एवढा होता. "मी जाळलं. आन् नाव ह्याचं सांगितलं. वरीसभर ह्यानं ऐकून घेतलं."

मग व्याह्यांनी केरूच्या ताटात आणखी एक जिलेबी वाढली, आणि जेवण पुढं चालू झालं. केरूच्या छातीवर वर्षभर ठेवलेलं ओझं कुणीतरी अलगद उचलून बाजूला केलं होतं.

पिंकीची गाडी गेली, गवताची पोती गेली. भामाबाई डोळे पुसत खोलीत गेली. लालासाहेब जीपपाशी थांबले होते. केरूनं खिशात हात घातला आणि बुटक्याची चावी त्यांच्यापुढं धरली.

"मालक, गुरुवारी चुकलंच माझं. ही तुमची."

लालासाहेबांनी त्याची मूठ मिटवून दिली. "ऱ्हाऊ दे तुझ्यापशीच," ते म्हणाले. "मी मागितली तरी दिऊ नगंस."