आप्पांची गँग आणि मी

तीन आठवड्यांपूर्वी दौंडहून सुनीताचा फोन आला. आम्ही एकेकाळी रुळांवर एकत्र काम केलेलं. "मॅडम, आपले आप्पा गेले. सकाळी चहा घेतला, जरा टेकले, ते उठलेच न्हाईत." मी पुण्यातल्या ऑफिसात होते. समोरची फाईल मिटली.

आप्पा म्हणजे दौंडजवळच्या आमच्या गँगचे मेट. रूळ दुरुस्त करणाऱ्या सोळा माणसांचे मुकादम. गाव निमोणे. मी शिरूरच्या एका शिंप्याची मुलगी, बाविसाव्या वर्षी इंजिनिअर म्हणून त्या गँगवर नेमली गेले. पुस्तकातलं सगळं पाठ होतं, पण वडिलांच्या वयाच्या माणसांना 'हे करा' म्हणायला जीभ रेटत नसे. मग मी आप्पांना हळूच सांगायची आणि ते मोठ्यानं गँगला सांगायचे. दोन महिने असं चाललं. एके दिवशी त्यांनी हातातलं फावडं खाली ठेवलं. "मॅडम, माझ्या कानात सांगू नका. माणसं तिकडं उभी हायेत." मला राग आला, रडूही आलं. पण त्या दिवसापासून मीच सांगू लागले. आवाज चिरकायचा, चुकायचंही. चुकलं तरी आप्पा चारचौघांत कधी बोलले नाहीत. दुपारी डबे उघडले की माझ्या पोळीवर शेंगदाण्याची चटणी ठेवत हळूच म्हणायचे, "सकाळी तिघं नुसतीच उभी व्हती, बघितलं का?"

वर्षभरानंतरच्या मे महिन्यातली गोष्ट. तापलेला रूळ पसरतो. अशा वेळी त्याच्याजवळची खडी मोकळी केली तर तो वाकडा होऊ शकतो. सकाळपासून आमचं खडी काढायचंच काम चाललं होतं. अकराच्या सुमाराला मी रुळाचं तापमान पाहिलं. हद्दीला टेकलं होतं. मी काम थांबवायला सांगितलं.

"अजून अर्धा तास, मॅडम," आप्पा म्हणाले. "एवढा तुकडा उरकू. उद्या परत सगळं सामान वाहून आणायचं व्हय?"

त्यांची तीस वर्षं रुळांवर गेलेली. गँग त्यांच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "नाही आप्पा. काम बंद. काढलेली खडी परत भरून घ्या."

कुणी हललं नाही. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वाकून पहिलं फावडं त्यांनीच भरलं. त्यांच्यामागून बाकीचे. तासाभरानं गाडी तिथून नीट निघून गेली. त्या दुपारी डबा खाताना मात्र आप्पा एक शब्द बोलले नाहीत. दुखावले असावेत, असं वाटून मीही गप्प राहिले. पुढे माझी बदली झाली, ते रिटायर झाले, आणि विचारायचं राहूनच गेलं.

परवा निमोण्याला जाऊन आले. आप्पांच्या पत्नीनं, काकूंनी, मला त्यांच्या खोलीत नेलं. खाटेवर गोधडीची घडी होती. रोज पहाटे ती आप्पा स्वतः घालत. आता काकू घालतात, कुणी त्यावर झोपत नसलं तरी. त्यांनी ती जरा सरकवून मला बसायला जागा केली.

"तुमच्याबद्दल लई बोलायचे," त्या म्हणाल्या. "एका उन्हाळ्यात सुट्टीला आले, ते हसतच घरात शिरले. म्हटलं, काय झालं एवढं? तर म्हणले, आज मॅडमनी माझं ऐकलं न्हाई."