खाडीची पुरवणी

सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे चिंचवडला आल्या तेव्हा मी खेळ बंद केला होता. मी महाळुंग्याच्या एका कंपनीत मोल्डचं डिझाइन करते. दिवसभर स्क्रीनसमोर असते, तरी घरी आल्यावर कुकर लावून अर्धा-पाऊण तास टीव्हीवर गेम खेळायची मला लग्नाआधीपासूनची सवय. नवऱ्याच्या शिफ्ट बदलत्या, त्यामुळे ती वेळ माझ्या एकटीची असायची. पण आता हॉलमध्ये, टीव्हीच्या बरोब्बर समोर, सासूबाई स्टुलावर पाय ठेवून बसलेल्या. सदतीस वर्षांची सून हातात रिमोटसारखं काहीतरी घेऊन मासे पकडतेय, हे त्यांना कसं दिसेल, या विचाराने मी तो गेमचा डबा कपड्याने झाकून ठेवला.

आमच्यात वाद असा कधी झाला नव्हता. बोलणंच कमी. माझं माहेर लातूरकडचं, पाणी टँकरने येणारं. त्या मालवणकडच्या. सणावाराला आम्ही दोघी एकमेकींच्या स्वयंपाकाला चांगलं म्हणायचो आणि तेवढ्यावर थांबायचो.

दोन आठवडे झाल्यावर एका संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते. त्या म्हणाल्या, "तो खेळ कित्याक बंद केलंस? माझ्यामुळे?"

मी काहीतरी कामाचं कारण सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

"झिलान सांगल्यान, तू मासे धरतंस. दाखव बघुया." झील म्हणजे मुलगा, माझा नवरा.

त्या खेळात एक डोंगरातलं गाव होतं, एक तळं आणि एक नदी. आपण गळ टाकायचा, मासे विकायचे, होडी दुरुस्त करायची. मी तो पूर्ण संपवला होता, पण तळ्याकाठी बसायला आवडायचं म्हणून पुन्हा पुन्हा जायची. सासूबाईंनी वीसेक मिनिटं पाहिलं. मी एक मोठा मासा काढून दाखवला, तोही त्यांनी पाहिला. मग म्हणाल्या, "पाणी हलनाच नाय गो. सुकती नाय, भरती नाय. मासो येतलो खयसून?"

मला थोडा राग आला. त्याच वेळी कळलं, की चार वर्षं खेळूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

या खेळाला एक जोड निघाली होती, समुद्राची. एक्सपान्शन म्हणतात. मूळ खेळाचे पैसे दिल्यावर वर आणखी पैसे देऊन घ्यायची. मी त्याला मनातल्या मनात पुरवणी म्हणते, परीक्षेत उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधायचो तशी. मी अशा पुरवण्या घेत नसे. पूर्वी एकदा दुसऱ्या एका खेळाची घेतली होती, त्यात नव्या टोप्या आणि एक रंगवलेलं घर निघालं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा मुलगा या बाबतीत जाणकार. त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं. त्याच्या मते बहुतेक कंपन्या पूर्ण खेळाचेच तुकडे करून विकतात, घेऊ नये. मग समुद्राचं नाव काढल्यावर थोडा थांबून म्हणाला, "ती घ्या मॅडम. ती घेतली की जुनं गाव पण बदलतं. नुसतं नवीन काही चिकटवलेलं नाहीये."

रविवारी घेतली. सोसायटीतलं इंटरनेट सुट्टीच्या दिवशी रांगत असतं. ती उतरेपर्यंत सासूबाईंचे गुडघ्याचे सगळे व्यायाम झाले, चहा झाला, भावजयीला फोन झाला.

आणि खरंच, जुनी नदी आता डोंगर उतरून एका खाडीला मिळत होती. काठाला कांदळवन, पुढे उघडा समुद्र. मी उत्साहाने होडी काढली आणि पाच मिनिटांत चिखलात रुतवली. कोणतंही बटण दाबलं तरी हलेना. मागून आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर सासूबाई हसत होत्या. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यांना असं अंग हलवून हसताना मी प्रथमच पाहत होते. ओहोटीला होडी कोणी काढतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे ओहोटी नसते.

मग त्या सांगायला लागल्या आणि मी करायला लागले. होडी राहू दे, खाली उतर. काठाकाठाने चाल. "पाणी उतरला की चिखलात बारीक भोकां दिसतत. थयसर खण."

खेळात तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण मी कॅमेरा खाली वळवला, तर चिखलात खरंच टिकलीएवढी भोकं होती. खणलं, तिसऱ्या निघाल्या, त्या खायच्या शिंपल्या. ज्याने हा खेळ बनवला तो माणूसही कुठल्यातरी खाडीच्या काठी वाढला असणार, असं मला वाटून गेलं.

पुढचं त्या टीव्हीकडे बघतच बोलल्या. लग्नाआधी त्या आईबरोबर रोज ओहोटीला खाडीत उतरायच्या. टोपली भरली की बाजारात. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन डोंगराकडच्या गावात आल्या. तिथे खाडी नाही, आणि त्या घरातल्या बायका चिखलात जात नसत. त्यानंतर तिसऱ्या खाल्ल्या त्या दुसऱ्यांनी काढलेल्या.

मी विचारलं, "माहेरी गेल्यावर तरी?"

"माहेराक जाय होतंय, पण पाव्हणी म्हणान. पाव्हणीक चिखलात कोण उतराक दिता?"

मी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. दोन्ही अंगठे वेगवेगळे चालवणं त्यांना जमेना, म्हणून मी शेजारी टेकले, चालणं माझ्याकडे घेतलं आणि खणायचं बटण त्यांच्याकडे दिलं. एकाच कंट्रोलरवर चार हात. साडेचारला नवरा पहिली शिफ्ट करून आला, दारात उभा राहून बघत राहिला. मग चहा मिळेल का म्हणाला. त्याची आई म्हणाली, दूध फ्रिजमध्ये आहे.

त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही खाडीत असायचो. खेळात भरती आली, की मी भाजी टाकायला उठायची. खणता खणता आम्ही बोलायचो. त्यांच्या आईबद्दल, माझ्या वडिलांच्या आजारपणाबद्दल, मूल न होण्याबद्दलही एकदा, जे आजवर आमच्या घरात कोणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. नजर स्क्रीनवर असली की अवघड गोष्टी सोप्या होतात, एवढं मला तेव्हा कळलं.

गुडघा बरा झाला, त्या गावी गेल्या. मे महिन्यात आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. एका सकाळी त्यांनी मामांकडे, म्हणजे खाडीकाठच्या त्यांच्या माहेरी, जायला रिक्षा सांगितली. डॉक्टरांनी चिखल, उतार, मांडी घालून बसणं, सगळं बंद केलेलं. त्यामुळे त्या खाडीच्या बांधावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि मी साडी खोचून खाली उतरले. टीव्हीवरच्या चिखलाला वास नव्हता. हा पोटरीपर्यंत ओढत होता, गार होता आणि त्याला कुजल्या पानांचा वास होता. मला भीती वाटत होती. मामी वरून ओरडत होत्या, की अगो सुनेला कशाला उतरवलंत. सासूबाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या हाताने दाखवत होत्या, आणखी डावीकडे, आणखी.

तासाभरात मूठभर तिसऱ्या मिळाल्या. एवढ्याचं कालवणही होणार नव्हतं. मामींनी त्यात घरातल्या घातल्या, खोबरं वाटलं, आणि जेवताना कोणाच्या ताटात माझ्या गेल्या ते कळलं नाही. दाताखाली थोडी वाळू आली. सासूबाईंनी मला दुसऱ्यांदा वाढलं.